काढून टाकण्याचा अधिकार

लॉन्ड्रीवाल्या मावशींनी उभ्या आयुष्यात दोनच माणसांना कामावरून काढलं होतं, आणि दोघांचाही विषय त्या अधूनमधून आपणहून काढत. पहिला गिऱ्हाइकांच्या कोटांचे खिसे स्वतःसाठी तपासायचा. त्याच्याबद्दल त्यांना फारसं काही बोलायचं नसे. दुसरा इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर होता, हॉटेलांच्या चादरी त्यातून काढायचा. त्या रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. तिला हाताचा धक्का लागला की यंत्र जागच्या जागी थांबतं. काम सारखं अडतं म्हणून हा पठ्ठ्या ती दांडी चिंधीने बांधून ठेवायचा. मावशींनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा त्याचा हिशेब चुकता करून त्याला दार दाखवलं.

"अजून रस्त्यात भेटला की माझ्या नावाने बोटं मोडतो," त्या सांगत. "मोडू दे. मोडायला दहाच्या दहा आहेत ना जागेवर."

हे ऐकून सगळे हसत. सेन्सरवालाही पोट धरून हसायचा. पुढे कधी आपलीही मान याच बाईच्या हातात जाईल असं त्याला तेव्हा वाटलं असतं, तर तो जरा बेताने हसला असता.

सेन्सरवाला म्हणजे मावशींच्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत प्रयोग करणारा माणूस. यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने त्याला या देशात आणलं होतं. व्हिसा होता, पण त्यावर कंपनीचं नाव होतं. नोकरी सुटली की देश सुटला. माणूस हुशार, हाताचा साफ, आणि दर दहा वाक्यांमागे एकदा स्वतःच्या कल्पनेचं कौतुक करणारा. कल्पना मात्र खरंच कौतुकाची होती. काड्यापेटीएवढी एक सेन्सरची डबी करायची आणि ती धुलाईयंत्राच्या अंगाला चिकटवायची. यंत्र कसं थरथरतंय ते ऐकून डबी आधीच सांगणार, की बाबांनो, याचं बेअरिंग आता जाणार आहे, वेळेत बदलून घ्या. ज्याने मोठ्या लॉन्ड्रीत ऐन गर्दीच्या दिवशी एक यंत्र बंद पडलेलं आणि चादरींचा ढीग छताला लागलेला पाहिलाय, त्याला या डबीची किंमत सांगावी लागत नाही.

प्रयोगाला यंत्रं हवी म्हणून तो सुट्टीच्या दिवशी मावशींच्या दारात उभा राहिला. नवरा गेल्यावर मावशींनी पुढचं दुकान बंद केलं होतं, पण मागे चार यंत्रं आणि तो रोलर अजून चालू होता. लग्न होऊन त्या चाळीस वर्षांपूर्वी इथे आल्या, आपल्याच मुलखातून. नवरा आधीपासून इथे पक्का, त्यामुळे व्हिसाची काळजी त्यांनी कधी केलीच नव्हती. डब्या चिकटव म्हणाल्या, पण कपड्यांना डाग पडला तर तू धुवायचास. परक्या मुलखात आपलं बोलणं कानावर पडलं की नातं जोडल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पहिल्या दिवशी तो त्यांना 'बाई' म्हणाला, दुसऱ्या आठवड्यात 'मावशी'. त्यांनीही हरकत घेतली नाही.

डब्यांना गिऱ्हाइकं मिळायला लागली तसा नोकरीत त्याचा जीव रमेना. स्वतःची कंपनी काढायची हे ठरलं आणि बायकोला घेऊन तो एका वकिलाकडे गेला. बायको तेव्हा एक्स-रेचं शिक्षण घेत होती. तिचा शिकाऊ व्हिसा शिक्षण संपेपर्यंतचा. पुढे तिलाही नवऱ्याच्याच व्हिसाचं शेपूट धरून राहावं लागणार होतं. म्हणजे जे काही व्हायचं ते दोघांचं एकदमच.

वकील गोड बोलणारा होता. धंदा काढू पाहणाऱ्या परदेशी माणसासाठी रस्ते भरपूर आहेत, म्हणाला, आणि एकेक रस्ता दाखवत दर रस्त्याच्या तोंडाशी एकेक दार लावत गेला. खास नवउद्योजकांचा एक व्हिसा होता, पण त्याला मान्यताप्राप्त गुंतवणूकदाराचा पाठिंबा लागे. सेन्सरवाला अशा दोघांना आधीच भेटला होता. दोघांनी सांगितलं होतं, आधी राहण्याचा परवाना दाखवा, मग भांडवल. इथे परवानेवाले म्हणत होते, आधी भांडवल दाखवा. दुसरा व्हिसा स्वतःचं भांडवल घेऊन येणाऱ्यांसाठी होता. त्याचा आकडा ऐकून बायको म्हणाली, एवढं असतं तर आम्ही घर सोडून आलो असतो का? तिसरा असामान्य गुणवत्तेचा. त्याला मोठी बक्षिसं, वर्तमानपत्रांतली नावं असं काय काय लागे. सेन्सरवाल्याला जन्मात एकच बक्षीस मिळालं होतं, शाळेत, सुवाच्य अक्षरासाठी. चौथा रस्ता बायकोच्या शिकाऊ व्हिसावर नुसतं राहण्याचा. तिचं शिक्षण चालू आहे तोवर घर सांभाळा, स्वयंपाक करा, धंदा तेवढा करू नका. हा रस्ता बायकोला बराच आवडलेला दिसला.

राहिला पाचवा. त्याच्याच कंपनीने त्याला नोकर म्हणून ठेवायचं आणि त्याच्यासाठी कामाचा व्हिसा मागायचा. सेन्सरवाल्याचा चेहरा खुलला. पण वकिलाने बोट वर केलं. नोकर म्हटलं की मालक आला. स्वतःच स्वतःचा नोकर हे इथले कायदेवाले मानत नाहीत. काम ठरवणारं, पगार ठरवणारं आणि वेळ पडली तर हाकलून देणारं कुणीतरी डोक्यावर हवं, आणि निम्म्याहून जास्त शेअर त्याच्या हातात हवेत.

"थोडक्यात," वकील म्हणाला, "तुमच्याच कंपनीतून तुम्हाला काढून टाकू शकेल असं माणूस घेऊन या."

सेन्सरवाल्याने आधी एका मित्राला विचारलं. मित्र म्हणाला, कुठे सही करू सांग, बाकी मला त्रास नको. वकिलाने मान हलवली. पहिला व्हिसा वर्षाचाच मिळतो, वर्ष संपताना अधिकारी येऊन बघतात, मालक खरा आहे की कागदावरचा. कागदावरचा निघाला की व्हिसा गेला, आणि पुन्हा मागायलाही तोंड राहत नाही. मग बायकोनेच मावशींचं नाव काढलं.

मावशींनी वकिलाचे कागद घरी नेले, चष्मा लावून सावकाश वाचले आणि दोन-तीन दिवसांनी त्याला बोलावलं. डब्यांतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. माणसं कशी कामाला लावायची तेवढं कळतं, म्हणाल्या.

"पण मी नुसती सही करणार नाही. मालकीण व्हायचं तर खरीच होईन. मागाहून तोंड वाकडं करायचं नाही."

सेन्सरवाल्याचे डोळे भरून आले. त्याने हात जोडले, तुम्ही म्हणाल तसं, म्हणाला. तुम्ही म्हणाल तसं, हे किती सहज बोलून जातो आपण! ते वाक्य पुढे वर्षभर पाळायचं असतं, हे त्या क्षणी कुणाच्या लक्षात येत नाही.

नव्या कंपनीकडून त्याला व्हिसा मिळाला, त्याने जुनी नोकरी सोडली, आणि मावशी रोज सकाळी मागच्या खोलीत यायला लागल्या. आल्या की कोट खुंटीला अडकवायचा, स्टुलावर बसायचं आणि विचारायचं, आज काय? कुठली डबी कुणाकडे जाणार, कधी जाणार, चुकीची निघाली तर त्या माणसाचं काय होणार, असे त्यांचे साधे प्रश्न. त्याला वाटे, आपण इथे शोध लावतोय आणि या बाई धोब्याचा हिशेब मागतायत. एकदा त्याने गिऱ्हाइकाला न विचारता डब्यांचा रंग बदलला, तर सगळ्या परत रंगवायला लावल्या. सुट्टी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, हा आणखी एक नियम. स्वतःच्या कंपनीत सुट्टी मागताना त्याला अगदी जिवावर येई.

"यापेक्षा सासू परवडली," तो घरी चिडचिड करत म्हणाला.

"सासू मला आहे. तुला आहे ती माझी आई," बायको म्हणाली. "सांगू का तिला फोन करून?"

तरीही त्या वर्षात मावशींमुळे धंदा सरळ चालला, हे तो मनातल्या मनात मान्य करत होता. ठरल्या वेळी माल पोचत होता, आणि गिऱ्हाइकं त्याच्या आधी मावशींना फोन करत होती. मग एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागाचं काम आलं. आतापर्यंतच्या सगळ्या कामांहून मोठं. सेन्सरवाला हवेत तरंगू लागला.

डब्या तयार झाल्या, मावशींच्या यंत्रांवर लावून पाहिल्या, आणि घोळ लक्षात आला. खोलीत वाफ फार कोंडली की डबीखालचा चिकट थर मऊ पडे, डबी जराशी हले आणि धडधाकट यंत्र आजारी असल्याचं सांगून ओरडे. सेन्सरवाल्याचं म्हणणं असं, की हे कधीतरीच होतं. आधी माल पाठवू, मग सावकाश सुधारू, सगळे असंच करतात. मावशी नाही म्हणाल्या. खोटी घंटा दोनदा ऐकली की तिसऱ्यांदा माणसं डबी बंद करून ठेवतील, आणि मग खरी घंटा कोण ऐकणार? चिंधीने दांडी बांधणारा त्यांनी पाहिला होता, त्यांना नवीन काही सांगायची गरज नव्हती. पण याला ऐकायचंच नव्हतं. महिनाभराची मेहनत, वायदा केलेला दिवस आणि वर ही बाई. तळपायाची आग मस्तकात गेली.

"मावशी, तुम्हाला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "आणि कंपनी माझी आहे."

मावशींनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही.

"कंपनी तू काढलीस. काम माझ्या हाताखाली करतोस. आठवडाभर इकडे फिरकू नकोस. नंतर यायचं की नाही, ते मी कळवीन. किल्ली ठेव इथे."

त्याने किल्ली अक्षरशः आपटली आणि निघाला. पहिले दोन दिवस तो घरात पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरत होता. त्याने मावशींचा उद्धार केला, वकिलाचा केला, पाचवा रस्ता काढणाऱ्या अख्ख्या सरकारचा केला. बायकोने ऐकून घेतलं आणि अभ्यासाला बसली. मग राग उतरला आणि भीती चढली. व्हिसा नोकरीवर, नोकरी मावशींच्या हातात, आणि मावशींना आपण काय बोलून बसलो! करायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने एक डबी पातेल्याला चिकटवली, पाणी उकळत ठेवलं आणि बघत बसला. दुपारपर्यंत त्याला कळून चुकलं होतं, की चिकटवणं हेच चुकतंय. डबी चापाने घट्ट धरायला हवी. शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातून चाप आणून लावला, तेव्हा पातेलं झाकण उडवत राहिलं पण डबी गप्प राहिली.

आठवडा संपताना मावशींचा फोन आला. ये, एवढंच म्हणाल्या. रुग्णालयाला त्यांनी स्वतः कळवून मुदत वाढवून घेतली होती. त्याने चाप दाखवला, त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि किल्ली पुढे केली. झाल्या प्रकाराबद्दल दोघंही पुन्हा बोलले नाहीत. आपल्या माणसांत झालेलं भांडण असंच मिटवायचं असतं, असं तो लहानपणापासून बघत आला होता.

महिन्याभराने तपासणीचं पत्र आलं. वर्ष संपत आलं होतं, बायकोचा शेवटचा पेपर झाला होता. आता व्हिसा वाढला नाही तर दोघांनीही सामान बांधायचं. त्याला सगळ्यात मोठी धास्ती त्या आठवड्याची वाटत होती. मालकिणीने घरी बसवलेला माणूस, असं अधिकाऱ्याला कळलं तर झालंच कल्याण. त्याने वकिलालाही त्याबद्दल चकार शब्दाने सांगितलं नाही. मावशींना मात्र हळूच विनवलं, की भांडणाबिंडणाचं काही काढू नका, आपण एका घरातल्यासारखे आहोत, तेवढंच येऊ द्या बोलण्यात. मावशी रोलरमधून निघालेल्या चादरीची घडी घालत होत्या. मला विचारतील त्याचं उत्तर देईन, म्हणाल्या.

अधिकारी बारीक चणीचा, सर्दी झालेला माणूस होता. सारखं नाक पुसत तो मागच्या खोलीत स्टुलावर बसला. बाजूला मावशी आणि वकील उभे होते. सगळीकडे इस्त्रीची ऊब आणि साबणाचा वास. त्याने कागद चाळले, यंत्रं पाहिली, आणि सेन्सरवाल्याला विचारलं, की इथे शेवटचा शब्द कुणाचा?

सेन्सरवाला या प्रश्नासाठी रात्रंदिवस तयारी करून बसला होता. त्याने मनापासून उत्तर दिलं, आणि त्यातला शब्द न् शब्द त्याला खरा वाटत होता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

"मावशींचा. त्या मला आईच्या जागी आहेत. पोटच्या मुलासारखं वागवतात. माझं काही चुकलं तरी सांभाळून घेतात, मला कधी म्हणजे कधी काढणार नाहीत."

आपल्याकडे एखाद्याची याहून मोठी स्तुती करता येत नाही. वकिलाने कपाळाला हात लावला. अधिकाऱ्याचं पेन थांबलं.

"कधीच नाही?"

"कधीच नाही," सेन्सरवाला अभिमानाने म्हणाला.

मग या बाईंच्या हातात तो अधिकार दिलाय तो कशासाठी, असं अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, आणि तेव्हा कुठे सेन्सरवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कृतज्ञतेच्या भरात त्याने स्वतःच्या हाताने मालकिणीला कागदावरची करून टाकलं होतं. त्याने सावरायला तोंड उघडलं.

"याचं ऐकू नका," मावशी म्हणाल्या. "मागच्या महिन्यात मी याला आठवडाभर घरी बसवला होता. सदोष माल पाठवायला निघाला होता, वर मलाच उलट बोलला. किल्ली काढून घेतली."

अधिकाऱ्याने मान वर केली. हे दुसऱ्या कुणाला माहीत आहे का, त्याने विचारलं. मावशींनी रुग्णालयाच्या धुलाई विभागाचा नंबर दिला. अधिकाऱ्याने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडच्या माणसाला सगळं आठवत होतं. मालकीणबाईंचाच फोन आला होता, त्यांनी माल थांबवला होता, आणि इंजिनियरला घरी पाठवलंय असंही सांगितलं होतं. अधिकाऱ्याने फोन ठेवला, नाक पुसलं आणि मावशींना विचारलं, की आठवड्याने परत घ्यावासा वाटला नसता तर?

"दुसरा इंजिनियर ठेवला असता. दोघांशी बोलणं करून ठेवलं होतं."

हे सेन्सरवाल्याला नवीन होतं. त्याने मान वळवून मावशींकडे पाहिलं. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

"हा तर म्हणतो, तुम्ही त्याला मुलासारखं मानता," अधिकारी म्हणाला.

"मानते ना. पोटचा असता तर आणखी आधी घरी बसवला असता."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. एरवीचे चार-दोन प्रश्न झाले, पगाराचे, कामाच्या वेळांचे, आणि तो उठला. जाताना सेन्सरवाल्याला म्हणाला, तुमची मालकीण कडक आहे. वकिलाने बाहेर आल्यावर सांगितलं, की आपल्या अख्ख्या वकिलीत कुणाच्या शिक्षेने व्हिसा वाचलेला पाहिला नव्हता.

सगळे गेल्यावर सेन्सरवाला तिथेच उभा राहिला. आभार कसे मानावेत हेच त्याला समजेना. इतके दिवस ज्या गोष्टीची त्याला लाज वाटत होती, जी झाकायला तो धडपडत होता, तिनेच त्याला वाचवलं होतं. आणि मावशींनी ती काही त्याला वाचवण्यासाठी केली नव्हती. बरोबर होती म्हणून केली होती. त्याने वेगळाच प्रश्न विचारला.

"मावशी, खरंच काढलं असतं मला?"

"हो," मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू गेल्यावर घरी जाऊन रडले मी त्या दिवशी. तुम्हाला दोघांना देश सोडावा लागला असता, कळत नव्हतं का मला? पण काढलं असतं."

त्याने त्यांचा कोट खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिला आणि त्या घरी गेल्या.

व्हिसा वाढला, पुन्हा एकदा वाढला. बायको रुग्णालयात एक्स-रे काढू लागली. मागच्या खोलीत मावेनाशा झाल्या तेव्हा डब्या पुढच्या बंद दुकानात आल्या, तिथे पाच माणसं कामाला लागली, आणि मावशींचा 'आज काय?' पाचही जणांच्या वाट्याला समान येऊ लागला. अशी काही वर्षं गेली आणि एक दिवस दोघांना या देशात कायम राहण्याचा परवाना मिळाला. आता डोक्यावर मालक असण्याची सक्ती उरली नव्हती. वकिलाने आठवण करून दिली, की करारानुसार मावशींचे शेअर परत घेता येतात. कंपनी पूर्ण तुमची होईल, म्हणाला.

संध्याकाळी नवरा-बायको मावशींकडे गेले. मावशींना वकिलाकडून कळलं होतं. गुडघे दुखत असूनही त्यांनी कागद आधीच काढून टेबलावर ठेवले होते, पेनसुद्धा बाजूला होतं. घे तुझी कंपनी, म्हणाल्या, मी सांभाळायची ती सांभाळली, आता माझं ओझं उतरव.

सेन्सरवाल्याने कागद उचलले, घडी केली आणि मावशींपुढे सरकवले. वाटेत बायकोशी त्याचं बोलणं झालेलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं.

"तुमच्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "आता मला या देशातून कुणी घालवू शकत नाही. माझं चुकलं तर घरी पाठवणारं एक माणूस तरी असू दे."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. हसतील असं वाटलं, पण हसल्या नाहीत. कागद त्यांनी टेबलाच्या खणात टाकले, चष्मा पुसून लावला आणि विचारलं, की हॉटेलवाल्यांचा माल काल जायचा होता, तो अजून दुकानातच का आहे?

सेन्सरवाला उभ्या उभ्या कारण सांगायला लागला.